निळ्या डोळ्यांची गेइशा

‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ ही आर्थर गोल्डन या अमेरिकन लेखकाची कादंबरी १९९७ साली आली आणि जगभर तडाखेबंद खपली. नायिका सायुरी ही गरीब कोळ्याची पोर. लहानपणीच विकली जाते, पुढे क्योटोत गेइशा, म्हणजे नाचगाण्याने रिझवणारी कलावंत, म्हणून नावारूपाला येते. आणि या जपानी मुलीचे डोळे कसे? निळसर करडे! जिच्या रूपावर सगळं क्योटो भाळतं, तिचे डोळे काळेभोर ठेवायला लेखकाचं मन धजावलं नाही. मला तरी पुस्तक इथेच खटकलं.

खरा राग पुढे आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला एका प्राध्यापकाचं निवेदन येतं: सायुरीने मला आपली कहाणी सांगितली, मी ती इंग्रजीत आणली. प्राध्यापकही काल्पनिक, सायुरीही. कादंबरीत अशी क्लृप्ती चालते, मान्य. पण गोल्डनला तासन्‌तास माहिती देणारी एक हाडामांसाची बाई होती. मिनेको इवासाकी, क्योटोतल्या गिओन या गेइशांच्या वस्तीतली, आपल्या काळातली सर्वांत नावाजलेली गेइशा. माझं नाव कुठे येता कामा नये, या बोलीवर आपण बोललो होतो, असं ती सांगते. लेखकाने तिचे जाहीर आभार मानले, थेट नाव घेऊन. गेइशांचा मौनाचा रिवाज मोडला म्हणून तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

कादंबरीत सायुरीच्या कौमार्याचा लिलाव होतो. पाश्चात्त्य वाचकाला गेइशा म्हटलं की हेच हवं असतं, आणि तेच त्याच्या हातात ठेवलं गेलं. माझ्या बाबतीत असलं काही झालं नाही, असं इवासाकीने ठणकावून सांगितलं. २००१ मध्ये तिने गोल्डनवर दावा लावला आणि २००३ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला.

पाश्चात्त्यांची ही भूक जुनी आहे. जपान कधीही न पाहिलेल्या पुच्चिनीचा ‘मादाम बटरफ्लाय’ हा ऑपेरा १९०४ साली मिलानमध्ये रंगमंचावर आला. त्यातली नागासाकीची पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची वाट पाहते आणि शेवटी स्वतःला संपवते. सायुरीसुद्धा जन्मभर एका पुरुषाकडेच डोळे लावून बसलेली. सोसणारी, वाट पाहणारी जपानी बाई यांना प्यारी! २००५ चा हॉलिवूडपट तर आणखी पुढे गेला. गिओनचा सेट कॅलिफोर्नियात आणि तिन्ही प्रमुख स्त्री-भूमिकांत एकही जपानी नटी नाही.

‘कादंबरीच आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझं एकच विचारणं आहे: कादंबरीच होती, तर ती खरी आठवण वाटावी म्हणून एवढा आटापिटा कशाला?

इवासाकीने २००२ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. त्यात लहानपणापासूनचा नाचाचा रियाज आहे, अभिमान आहे आणि गिओनवरची टीकाही आहे. तिची तक्रार होती ती तिथल्या जुनाट नियमांबद्दल आणि मुलींच्या तोकड्या शिक्षणाबद्दल. बदल व्हावा म्हणून ती बोलत राहिली. कोणी ऐकेना, तेव्हा ऐन भरात, एकोणतिसाव्या वर्षी तिने तो पेशाच सोडला. कोणा पुरुषाने येऊन सोडवायची तिने वाट पाहिली नाही.

गोल्डनची कादंबरी कपाटात असेल, तर हे पुस्तकही मिळवा आणि आधी हेच वाचा.