अंगठाबहाद्दर

आपल्याकडे ऑपरेशनांचीही उतरंड असते. बायपास झालेला माणूस सगळ्यांत वर. त्याच्याकडे जाताना लोक शहाळं नेतात आणि जिन्यातच आवाज खाली आणतात. त्याच्या खालोखाल गुडघे. दोन्ही एकदम बदलले असतील तर मान थोडा जास्त. मोतीबिंदूला हल्ली कोणी विचारत नाही. आणि या सगळ्यांच्या तळाशी, दाढ काढण्याच्याही खाली, पायाचा अंगठा. 'अंगठ्याचं ऑपरेशन झालंय' म्हटलं की ऐकणारा चेहरा गंभीर करायला घेतो आणि मध्येच सोडून देतो.

आमच्या सोसायटीतल्या काकूंचं भांडण आहे ते याच उतरंडीशी.

अशा काकू प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. त्यांना बसलेलं कोणी पाहिलेलं नसतं. जेवतानाही त्या अर्ध्या उठलेल्या असतात, कारण कोणाला तरी मीठ लागणार हे त्यांना आधी कळतं. पहाटे फुलं, मग भाजी, मग पाण्याच्या टाकीवरून चेअरमनशी वाद, दुपारी कोणाच्या तरी बाळंतिणीला डिंकाचे लाडू. एवढं सगळं ज्या उजव्या पायावर चालायचं, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढा उंचवटा. मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला तरी काकूंची चप्पल लगेच सापडायची. उजवीला कडेला फुगवटा आणि डावीला त्याची सुरुवात.

ऑपरेशनची तारीख ठरायलाच दोन वर्षं लागली. चातुर्मासात नको. गणपती-गौरीत शक्यच नाही. पितृपक्षात असलं काही करत नाहीत. नवरात्रात उपास. दिवाळीत चकल्या कोण पाडणार? नंतर तुळशीचं लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि मग लोकांच्या मुलांची लग्नं. डॉक्टर शेवटी म्हणाले, "काकू, तुम्ही मोकळा दिवस सांगा, मी हॉस्पिटल उघडं ठेवतो." जानेवारीचा पहिला आठवडा निघाला.

आदल्या रात्री जोडवी काढायची होती. अंगठा शेजारच्या बोटावर असा काही रेलला होता की लग्नात घातलेलं जोडवं जागचं हलेना. साबण झाला, खोबरेल तेल झालं. शेवटी काकांनी बोटाला शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळून त्याचं टोक जोडव्यातून ओढलं आणि वेटोळं वेटोळं उलगडत ते बाहेर काढलं. आयुष्यभर बँकेत नोटांची बंडलं बांधलेल्या माणसाची बोटं अशी कामी आली. जोडवं निघालं तसं काकू म्हणाल्या, "अहो, आता ते नीट ठेवा. नाहीतर जागेवर ठेवलंय म्हणाल आणि जागाच सापडायची नाही."

(अंगठ्याच्या या उंचवट्याला इंग्रजीत बनियन म्हणतात. त्यावरचे सगळे विनोद पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्यांनी करून संपवले आहेत. इथे नवे घेतले जाणार नाहीत.)

फक्त पाऊल बधिर केलं होतं, त्यामुळे काकू पूर्ण जाग्या होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये एसी फार आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, असा हुकूम होता. बैठकीत आरामखुर्ची मांडली, पुढे स्टूल, त्यावर उशा. आता पाय कोणत्या दिशेला करायचा? पूर्वेला देवघर. दक्षिणेला पाय करायचे नाहीत. पश्चिमेला दार, म्हणजे येणाऱ्याच्या तोंडावर तळवा. उरली उत्तर, तिथे टीव्ही. पहिले दोन आठवडे काकूंनी बातम्या स्वतःच्या बँडेजच्या वरून पाहिल्या. निवेदिकेचं कपाळ तेवढं दिसायचं.

समाचाराला येणाऱ्यांना आधी व्याख्यान ऐकावं लागे. "हाड वाढलेलं नसतं गं, सरकलेलं असतं," अशी सुरुवात. पावलातलं लांब हाड एका बाजूला कलतं, अंगठा दुसऱ्या बाजूला वळतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. त्याला लोक गाठ म्हणतात आणि वर मलम चोळतात. भोगीच्या सकाळी मी गेले तेव्हा काकूंच्या मांडीवर ताट आणि हातात गाजर होतं. त्यांनी गाजराला सुरीने इंग्रजी व्हीसारखा काप दिला, पुढचा तुकडा अलगद बाजूला सरकवला, तो तसाच धरून वरून लवंग टोचली. "ही लवंग म्हणजे स्क्रू. टायटॅनियमचा. आता तो जन्मभर आतच." मग ते गाजर काकांकडे देत म्हणाल्या, "भाजीत घाला. लवंग काढा आधी."

त्या स्क्रूवर त्यांची मोठी भिस्त होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या वहिनी विमानतळावर गेल्या की यंत्र वाजतं आणि त्या ही गोष्ट प्रत्येक भिशीत सांगतात. काकूंनी डॉक्टरांना विचारलं, माझंही वाजेल ना? एवढ्याशा स्क्रूने सहसा वाजत नाही, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी त्यांना दुखलं ते तेवढंच.

पुढे संक्रांत आली. इतक्या वर्षांचं हळदीकुंकू मोडायचं कसं? काकूंनी ते खुर्चीतूनच केलं. पाय वर, मांडीवर पंचपाळं, बायका एकेक करून वाकून कुंकू लावून घेतायत, असा दरबार भरला. अडचण झाली ती पुतण्याच्या नव्या बायकोची. संस्कारी मुलगी, आली ती थेट नमस्काराला वाकली. काकू ज्या आवाजात "पायाला हात नको!" म्हणाल्या, त्याने पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. मुलगी बिचारी रडवेली. तिला वाटलं, सासरी काहीतरी बिनसलंय. तिची समजूत घालायला काकूंनी तिला दोन वाणं दिली. यंदा वाण काय लुटलं? बोटांच्या मध्ये घालायचे सिलिकॉनचे ठोकळे. एकीने विचारलं, याने अंगठा सरळ होतो का? काकू खोटं बोलत नाहीत. "होत नाही. नुसतं बरं वाटतं. तिळगूळ घे."

सगळ्यांत मोठा पेच बुटाचा. ऑपरेशननंतर कडक तळाचा एक बूट देतात. वजन टाचेवर ठेवायचं, बोटांवर नाही, आणि सहा आठवडे त्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा. म्हणजे ज्या बाईने पोस्टमनला, गॅसवाल्याला, एकदा तर चोरी झाली म्हणून आलेल्या हवालदाराला उंबऱ्याबाहेर पादत्राणं काढायला लावली, ती बूट घालून स्वयंपाकघरात! काकूंनी रात्रभर विचार करून निर्णय दिला: डॉक्टरने दिलं ते पादत्राण नाही, ते बँडेज. तरी तळाला गंगेच्या पाण्याचा हात लावून घेतलाच. आंघोळीचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. ओट्याखाली एक पिशव्यांची पिशवी होती, ती फेकून द्या असं मुलगा दर दिवाळीला सांगायचा. आता रोज त्यातली एक पायात चढते, वर दोन रबर. मुलाला त्याबद्दल फोनवर चार वेळा ऐकवून झालं आहे.

स्वयंपाक काका करत आणि काकू तो खुर्चीतून कानाने चालवत. "मोहरी तडतडली नाही, हिंग टाकू नका." "कुकरची तिसरी झाली, गॅस बारीक करा." "अहो, तो डबा साखरेचा आहे." हे शेवटचं त्यांना झाकणाच्या आवाजावरून कळलं. काका निमूटपणे बदल करत. चाळीस वर्षं त्यांनी वरिष्ठांच्या सूचनांवर काढली होती, फक्त तेव्हा पाचला सुटका व्हायची.

उतरंडीतला खरा विजय मिळाला तो इंग्लंडातल्या भाच्यामुळे. त्याने फोनवर सांगितलं की केंब्रिजच्या संशोधकांनी जुन्या कब्रस्तानांतले 177 सांगाडे तपासले आणि 2021 साली निष्कर्ष छापले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत 6 टक्क्यांना हा अंगठा, चौदाव्या-पंधराव्यात थेट 27 टक्क्यांना. कारण काय, तर टोकदार जोड्यांची फॅशन आली. खेड्यातल्यांत प्रमाण नगण्य. शहरातल्या मठात, जिथे श्रीमंतांनाही पुरत, तिथे सर्वाधिक. पुढे 1463 साली इंग्लंडच्या राजाला जोड्याचं टोक दोन इंचांपुढे न्यायचं नाही असा कायदा करावा लागला. काकूंनी यातलं काय घेतलं? "श्रीमंतांना होतो हो. राजाला कायदा करावा लागला, बायपाससाठी कोणी केलाय?" काकूंनी जन्मात टोकदार बूट घातला नव्हता, हे मी हळूच काढलं. त्यावर उत्तर तयार होतं. पायाची ठेवण घराण्यातून येते, डॉक्टरच म्हणाले. आईचा अंगठा असाच होता, आजीचाही. "दागिने दोन भावजयांत वाटले गेले. माहेरचं एवढंच माझ्या वाट्याला आलं, तेही यांनी कापायला लावलं."

सहा आठवडे संपले. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. सूज जायला काही महिने लागतील, पुढचा भाग ऐसपैस असलेले बूट वापरा, अंगठा रोज वरखाली करा, असं सांगून डॉक्टरांनी डाव्या पायाकडे पाहिलं. "घाई नाही. दुखायला लागलं तर बघू."

"करूनच टाकू," काका म्हणाले. इतक्या वर्षांत डॉक्टरसमोर त्यांनी उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. काकू चमकल्या. घरी येताना रिक्षात उलगडा झाला. काकांना आता आमटी येत होती. शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती तीनदा केली आणि खुर्चीतून एकही सूचना आली नाही. कारण काकांनी फोडणी देताना मिक्सर चालू ठेवायला सुरुवात केली होती.

"डावा मुळीच करायचा नाही," काकू म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला, बोलता बोलता, वळण चुकल्याचं सांगितलं.