घडाला कागद, गड्याला बनियन

लाड कशाला म्हणतात ते बघायचं असेल, तर वडूजपासून तासगावपर्यंत कुठल्याही द्राक्षबागेत जावं. उन्हानं मण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून घडाला कागद. पाखरांनी टोचू नये म्हणून जाळी. ऐपत असेल तर वर प्लॅस्टिकचं छप्परही. आणि याच बागेत औषध मारणारा गडी? भोकं पडलेलं बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पाय अनवाणी. तोंडाला मास्क नाही, तोंडात तंबाखू आहे. ती मळली त्याच हातांनी, ज्यांनी आत्ता बादलीत औषध ढवळलं. नोझल तुंबलं की तोंडानंच फुंकायचं!

2010 साली युरोपानं आपली द्राक्षं अडवली होती. कारण काय, तर सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले. केवढा हलकल्लोळ माजला. बैठका झाल्या, दिल्लीला फेऱ्या झाल्या, बागायतदार हवालदिल झाले. आज निर्यातीचा घड प्रयोगशाळेचा दाखला मिळाल्याशिवाय हलत नाही. किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत अंश मोजतात. खाणाऱ्याच्या पोटात काय जाणार, याचा चोख हिशेब. मारणाऱ्याच्या पोटात किती गेलं, हे विचारायला मात्र कुठलाच युरोप येत नाही.

बरं, कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की धंदा म्हणून फवारणी करणाऱ्यांची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर दर महिन्याला मोजावं. नियमाला पन्नाशी उलटून गेली. खटाव तालुक्यातल्या एखाद्या फवारणीवाल्याला ‘कोलिनएस्टरेज केलंस का?’ म्हणून विचारून बघा. तो विचारील, कुठल्या कंपनीचं आणि पंपाला किती टाकायचं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली; फवारा वर मारला की अर्धा स्वतःच्याच तोंडावर. द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून वर फवारणीची गन धरणाऱ्या आमच्या गड्याचं तरी वेगळं काय होतं? पण यवतमाळ लांब. आणि आपल्याकडचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्या आज्यानं जन्मभर मारलं, त्याला काय झालं?’ आज्याच्या काळात एवढी औषधं होती का, हे आज्याला विचारायची सोय आता नाही.

औषधाचा डबा मात्र ओरडून सांगत असतो. त्यावरचा तांबडा त्रिकोण म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही औषधं कातडीतूनही आत जातात. फवारताना दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ आली, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर ते ऊन लागणं नव्हे. ताक पाजत, लिंबू पिळत बसू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कुठलं औषध ते डॉक्टरला डब्यावरून कळतं, ‘पांढरं होतं, वास मारत होतं’ यावरून नाही.

गच्चीवरच्या बागवाल्यांनी हसू नये. गुलाबावर मावा दिसला की शेतावरून ‘झाकणभर’ मागवता, तेही कोल्ड्रिंकच्या बाटलीत. ती बाटली मग पोरांच्या हाताला लागेल अशी जिन्यात. शेजारच्या कुंडीतली तुळस तो फवारा खाते आणि संध्याकाळी तिचाच काढा होतो, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून.

मान्य, भर उन्हात अंगभर कपडे, हातमोजे, मास्क म्हणजे उकडून निघणं. मग सकाळी लवकर मारा, वारा पाठीशी घेऊन मारा. दुपारी बारालाच मारलं पाहिजे असं काही द्राक्षांनी सांगितलेलं नाही.

यंदाच्या छाटणीच्या खर्चात एक ओळ वाढवा: हातमोजे, चष्मा, मास्क, बूट. आरोग्य खात्यानं हंगामात फवारणीवाल्यांचं रक्त तपासावं. आणि निर्यातदार साहेब, घडाचा दाखला मागता तसा एकदा गड्याचाही मागा. दुसऱ्याच दिवशी बागेत बनियन दिसायचं नाही.