हायड्रोजनाचा सातबारा

भूतलावर इंधनांचे जितके म्हणून प्रकार आहेत, त्या सर्वांनी एकदा तरी रत्नागिरी जिल्ह्यात पायधूळ झाडावी, असा काही विधिलिखित संकेतच असावा. दाभोळास एन्रॉनच्या कृपेने नाफ्था आला आणि २००१ साली वीजघरास कुलूप लावून गेला. मागाहून तेथे नैसर्गिक वायू अवतरला. जैतापुरास ९,९०० मेगावॅटचा अणू यावयाचा, तो अद्याप येतोच आहे. नाणारास ६ कोटी टनांचा तेलशुद्धीकारखाना येता येता २०१९ साली अधिसूचनेसह परत फिरला व पुढे बारसूच्या सड्यावर जागा न्याहाळू लागला. जयगडास कोळसा तेवढा निमूटपणे येऊन जळू लागला. राहता राहिला हायड्रोजन, आणि तो तर थेट विमानात बसून येणार, असे आता जाणकार सांगतात.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटींचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. राज्य सरकारनेही त्याच वर्षी ८,५६२ कोटींचे धोरण जाहीर करून आपण मागे नसल्याची नोंद दफ्तरी केली. हायड्रोजनावर उडणारे विमान २०३५ पर्यंत सेवेत आणू, असे एअरबसने २०२० साली आश्वासन दिले होते. २०२५ साली ती मुदत पाच ते दहा वर्षांनी लांबली. ही वार्ता ऐकून युरोपातील भागधारक खिन्न झाले असतील. परंतु मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून डोळे भरून पाहत आलेल्या रत्नागिरीकरास एअरबसविषयी एकाएकी आपुलकी वाटू लागली.

अर्थशास्त्राचा प्रश्न मात्र गंभीर आहे. हा वायू वजनाने इतका सालस, की किलोस किलो तोलला असता केरोसीनच्या पावणेतीन पट शक्ती देतो. परंतु उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप केला तरी तेवढ्याच शक्तीसाठी चौपट जागा अडवतो. अर्थात टाकी वाढेल, आसने घटतील, आणि जी आसने उरतील त्यांवर बसणाऱ्यांनी न उरलेल्या आसनांचेही भाडे भरावे, हे ओघानेच आले. त्यात एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढावयास पन्नासाहून अधिक युनिटे वीज लागते. युनिटास पाच रुपये धरले, तरी निव्वळ विजेचे अडीचशे रुपये होतात, आणि तो द्रवरूप करण्याचा खर्च निराळाच. करांचा गुंता तर अधिक रसाळ आहे. प्रचलित विमान-इंधन आजही वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असून राज्ये त्यावर मूल्यवर्धित कर वसूल करतात; तेव्हा ते इंधनच लुप्त झाल्यास राज्याच्या खजिन्यात पडणाऱ्या भगदाडाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमावी लागेल, व समितीच्या सभासदांना विमानभत्ता द्यावा लागेल.

तथापि आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे कोकणात कोणत्याही इंधनाचा आर्थिक परिणाम त्या इंधनाच्या पुष्कळ आधी येऊन ठेपतो. प्रकल्पाची नुसती कुजबुज कानी येताच परजिल्ह्यातील सद्गृहस्थांस कातळसड्याविषयी अकस्मात ममत्व उत्पन्न होते. मुखत्यारपत्रे लिहिली जातात, फेरफार नोंदींस ऊत येतो, आणि सातबाऱ्यावर सतरा वारसांची नावे असलेला, आजवर गुरे चारण्याखेरीज कशास उपयोगी न पडलेला वरकस तुकडा एका रात्रीत ‘मोक्याची जागा’ ठरतो. मिरजोळ्याच्या विमानतळावर आजवर तटरक्षक दलाचीच विमाने प्रामुख्याने उतरत आली, हा तपशील दलालांनी कधीच गैरलागू ठरविला आहे.

एक गोष्ट तेवढी स्थानिक हितसंबंधीयांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. एक किलो हायड्रोजनासाठी निदान नऊ लिटर पाणी लागते, आणि तो जळाला की तेवढेच पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ज्या जिल्ह्यात आषाढ-श्रावणात आभाळ फाटते आणि वैशाखात वाड्यांवर टँकर धावतात, तेथील पाणी घेऊन ते अरबी समुद्रावर तीस हजार फुटांवरून सांडून टाकणे, हा महसुली दृष्ट्याही अपव्ययच होय. सबब, विमानांनी एप्रिल-मे महिन्यांत राजापूर, लांजा व संगमेश्वर तालुक्यांवरून शक्य तितके मंदगतीने जावे, आणि पडलेल्या वाफेचे माप तलाठ्यासमक्ष घेऊन ते टंचाई आराखड्यात जमा धरावे, असा अर्ज आम्ही रीतसर मुद्रांक लावून जिल्हाधिकारी कचेरीत सादर करीत आहोत.