भूत हवं तर रानातलं

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसवर राहणाऱ्या आमच्या आप्पांना वस्तीतलं भूत चालत नाही. उभा जन्म बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेलेला. त्यामुळे भूत खरं की खोटं ह्या वादात ते पडत नाहीत, आधी पत्ता विचारतात. जवळचा बसथांबा पाच मैलांच्या आत निघाला, की अर्ज नामंजूर!

धारप, मतकरींच्या भयकथा कपाटात मानाने आहेत, पण जीव जडलाय तो अल्जरनॉन ब्लॅकवुडवर. १९०७ सालची त्याची 'द विलोज' ही भयकथा ते दर पावसाळ्यात वाचतात. डॅन्यूब नदीत होडी घेऊन निघालेले दोघे, पुराने खचत चाललेलं बेट आणि भोवती नुसती वाळुंजाची झुडपं. भूत असं नाहीच. "दिसलं की संपलं!" आप्पा कॉफीचा पेला खाली ठेवून सांगतात. हे रानाचं वेड बघून मुलाने हौसेने कोडगूच्या एका जंगल रिसॉर्टला नेलं, तर तिथे मोबाइलला रेंज आणि जेवणात पनीर बटर मसाला. आप्पा दोन दिवस फुरंगटून बसले.

नव्वदच्या दशकात बेंगळुरूत दारोदार खडूने 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहायची साथ आली होती. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणारी बाई ते वाचून परत जायची म्हणे. कामवालीने आप्पांच्याही दारावर लिहिलं. आप्पा भडकले. "साक्षर भूत! आणि 'उद्या या' म्हटलं की निमूट परत जाणारं! त्यापेक्षा आमचे खातेदार जास्त भांडायचे."

पुढे मात्र त्यांचा आवाज उतरला. ब्लॅकवुडच्या दुसऱ्या एका कथेतला वेंडिगोसुद्धा हाकच मारतो, पण कॅनडाच्या अरण्यात. वाटाड्या तंबूतून उठून धावत सुटतो. "तंबूच्या कापडावर काय लिहिणार? लिहायला दार तर पाहिजे ना!"

अक्षरं पुसट झाल्यावर आप्पांनीच ती पुन्हा गिरवली. खाडाखोड बघवत नाही म्हणाले. शिवाय रात्रीच्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ द्यायची नाही, हा आजीचा नियम त्यांनी पुन्हा लागू केला.

काकूंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "आठव्या क्रॉसवरून भाजी आणा म्हटलं तरी ह्यांचं तेच. तेही भर दुपारी."