स्वयंपाकघरातील बेट आणि त्याचे निवारण

भूगोलात चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात; गृहरचनेत ही संज्ञा चारही बाजूंनी बिनकामाच्या माणसांनी वेढलेल्या ओट्याला लावली जाते. कोणत्याही भिंतीला न टेकलेला, स्वयंपाकघराच्या मध्यावर स्वतंत्र उभा असलेला हा ओटा पुण्या-मुंबईच्या सदनिकांत आला तो ‘ओपन किचन’चे बोट धरून, आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये त्यावर काचेचा वाडगा व त्यात तीन हिरवी सफरचंदे ठेवलेली असल्यामुळे पुढे याच जागी कणीक मळायची आहे, ही गोष्ट घर घेणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. प्रस्तुत विवेचन अशा बेटांपैकी ‘अडनिडे’ या पोटजातीपुरते मर्यादित आहे.

अडनिडे बेट ओळखण्याची लक्षणे दोन. पहिले असे की त्याचा एक कोपरा पंचेचाळीस अंशांत वळलेला असतो व तो नेमका घरातल्या माणसांच्या कमरेच्या उंचीवर येतो. दुसरे लक्षण दोन पातळ्यांचे: खालची पातळी सुमारे ३४ इंचांवर, आणि तिच्या पलीकडे अर्ध्या विटेच्या भिंतीवर बसवलेली, ४२ इंचांवरची एक अरुंद फळी. या फळीला व्यवसायात ‘बार’ म्हणतात, आणि हा शब्द घरातील ज्येष्ठांसमोर उच्चारावा लागणे हा या रचनेचा पहिला दोष होय. तिच्यावर बसून नाश्ता करावा अशी मूळ योजना असते, त्यासाठी उंच स्टुले विकत घेतली जातात, आजींना त्यांवर चढता येत नाही, नातवंडांना त्यांवरून उतरता येत नाही, आणि वर्षभरात एक स्टूल माळ्यावरचे डबे काढण्यासाठी व दुसरे इस्त्रीचे कपडे ठेवण्यासाठी रुजू होते. फळीवर मात्र विजेचे बिल, किल्ल्या, रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर आणि कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका कायमची वस्तीला येते.

या बेटाची पुनर्रचना करण्याची वेळ एकच असते, ती म्हणजे ओट्याचा दगड बदलण्याची, कारण दगड एकदा उचलला की खालची मांडणी उघडी पडते व तिची उंची वा लांबी बदलण्यास वेगळी तोडफोड लागत नाही. हीच गोष्ट नवा दगड बसल्यानंतर सुचल्यास खर्च दुप्पट व संभाषण तिप्पट होते. ही संधी बहुधा घरातील ‘गृहस्थ’ या घटकाच्या हाती पडते. गृहस्थ म्हणजे निवृत्त झालेला किंवा निवृत्तीच्या बेतात असलेला, मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून तेथील प्रशस्त बेटे पाहून आलेला, चहापलीकडे काहीही करता न येणारा आणि स्वतःची मेजपट्टी बाळगणारा पुरुष. तो आलेख-कागदावर आराखडा काढतो, त्यात फ्रिज दाखवतो, शेगडी दाखवतो, आणि तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला जागा दाखवायला विसरतो.

गृहस्थाच्या बाजूने इतिहासात एक भक्कम पुरावा आहे, तो येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल. आधुनिक स्वयंपाकघराची जननी मानली जाणारी ‘फ्रँकफर्ट किचन’ ही रचना मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये केली, आणि तोवर आपण स्वयंपाक केलेला नव्हता, हे तिने पुढे स्वतःच सांगून टाकले. गृहस्थ या माहितीचा एवढाच भाग लक्षात ठेवतो. उरलेला भाग असा की तिने स्वयंपाकघरातील हालचाली व त्यांना लागणारा वेळ यांचा काटेकोर अभ्यास केला, आणि जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर जागेत सगळे हाताशी आणले. त्यात बेटाला जागा नव्हती, हे सांगायला नकोच. गृहस्थाचा दुसरा आधार म्हणजे ‘कार्यत्रिकोण’, म्हणजे शेगडी, सिंक व फ्रिज यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषांचा त्रिकोण. १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रूढ झालेल्या या नियमानुसार त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांच्या आत असावी. मराठी घरात मात्र मिक्सर, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, देवघर व दाराची बेल हे आणखी चार बिंदू धरावे लागत असल्याने आकृती त्रिकोण राहत नाही, तिची रांगोळी होते, आणि ती दिवसातून कित्येकदा पायांनी काढावी लागते.

आराखडा कागदावर न तपासता जमिनीवर तपासावा. नियोजित बेटाच्या मापाची वर्तमानपत्रे फरशीवर चिकटपट्टीने चिकटवून आठवडाभर त्यांवर पाय न देता वावरावे. फ्रिजचे दार, ओव्हनचे दार आणि ट्रॉल्या, म्हणजे ओट्याखालचे सरकते कप्पे, पूर्ण उघडून पाहावेत. एक माणूस शेगडीपुढे उभा असताना दुसऱ्याला हातात गरम पातेले घेऊन मागून जाता येते का, हे प्रत्यक्ष करून बघावे. त्यासाठी किमान ३६ इंच लागतात, ४२ मिळाले तर घरात शांतता नांदते. ही परीक्षा फुकट आहे व तिच्याइतकी उपयुक्त दुसरी कोणतीही नाही. गृहस्थ मात्र या काळात वाकून मागच्या महिन्याच्या बातम्या वाचताना आढळतो.

उंचीचा प्रश्न कोपराने सुटतो. सरळ उभे राहून हात काटकोनात वाकवावा, कोपराची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. जे उरेल ती कामाच्या ओट्याची उंची, आणि कणीक मळण्याच्या व पोळ्या लाटण्याच्या जागी ती त्याहूनही थोडी कमी असल्यास खांदे भरून येत नाहीत. येथे ‘कोपर’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे: कोपर म्हणजे जे कणीक मळते ते. गृहस्थ या प्रसंगी मोठ्या उदारपणे स्वतःचा कोपर पुढे करतो, तो पाच फूट दहा इंच असतो, ती पाच फूट एक इंच असते, आणि पुढची वीस वर्षे टाचा उंचावून पोळ्या लाटल्या जातात. बहुतेक घरांत हे मळणारे कोपर अजूनही एकाच व्यक्तीचे असतात, यात भूषण मानण्यासारखे काही नाही. पण जोवर तसे आहे तोवर माप तरी तिचे घ्यावे, एवढेही कळू नये?

आता आकार. कमी खर्चातील सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे वरची फळी व तिची अर्धी भिंत उतरवून बेट एका पातळीवर आणणे, कारण त्यात नवे काही बांधावे लागत नाही आणि खालच्या ओट्याला एकदम नऊ-दहा इंच रुंदी मिळते. त्या भिंतीत बहुधा मिक्सरचा प्लग असतो, म्हणून गवंड्याच्या आधी वायरमनला बोलवावे. हा क्रम उलटल्यास काय होते ते गवंडी सांगतो. टोचणारा कोपरा गोल करावा, मात्र गोलाईचे मोल्डिंग, म्हणजे दगडाच्या कडेला घासून दिलेला आकार, रनिंग फुटावर आकारले जाते, तेव्हा जेथे माणसे आपटतात तेवढेच गोल करावे. दगडाच्या खालच्या बाजूस, कडेपासून आत, एक बारीक खाच मारून घेण्यास विसरू नये. ओघळ त्या खाचेशी तुटतो व पाणी ट्रॉलीत न जाता खाली पडते. हे काम मिस्त्री सांगितल्याखेरीज करत नाही.

बेटाची बैठक लहान करण्याचा मोह मात्र आवरावा. बैठकीखाली बहुधा फरशी घातलेलीच नसते, त्यामुळे ती एक फूट मागे घेतली की फूटभर रुंदीचा सिमेंटचा ओसाड पट्टा उघडा पडतो, आणि वीस वर्षांपूर्वीची ती टाइल आता बाजारात मिळत नाही. अशा वेळी माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या पाच टाइल निघतात. त्या कोणी ठेवल्या याची चौकशी केल्यास त्या गृहस्थानेच ठेवल्याचे निष्पन्न होते. दर दिवाळीला त्या टाकून देण्याची मागणी झाली व दर दिवाळीला त्याने ती फेटाळली. या एका कामगिरीबद्दल त्याचे मागचे बरेच गुन्हे माफ करावेत. टाइल सहा लागतात, हा भाग वेगळा.

बेटाचा दुसरा मार्ग म्हणजे त्याचे द्वीपकल्प करणे, अर्थात मधली एक वाट बुजवून त्याला भिंतीच्या ओट्याशी जोडून टाकणे. या विषयात मुंबईचा दाखला आहे. सात बेटांची ती नगरी भराव घालून एकसंध झाली, आणि त्यातला पहिला मोठा बांध गव्हर्नर हॉर्नबीने अठराव्या शतकात कंपनीच्या संचालकांची मंजुरी येण्याआधीच सुरू केला, असे सांगतात. हा आदर्श गृहस्थाने घेऊ नये. लंडन दूर होते. शिवाय जोडणीमुळे जो आतला कोपरा तयार होतो, तेथे दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्या एकमेकींवर आदळत असल्यामुळे एक बंद ठेवावी लागते, आणि त्या अंधारात मोदकपात्र, चकलीचा सोऱ्या व जुन्या कुकरची शिटी अज्ञातवासात जातात.

दगडाविषयी थोडक्यात. जुन्या ओट्यांचा काळा कडप्पा हा आंध्रातील कडप्पा भागातला चुनखडीचा दगड असल्याने लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आम्लाने त्यावर पांढुरके डाग उठतात. संगमरवराची रासायनिक प्रकृती तीच, म्हणून सोलकढी होणाऱ्या घरात तो घेऊ नये. ग्रॅनाइटला लिंबाचे काही वाटत नाही. क्वार्ट्झचा कृत्रिम दगड दिसतो देखणा, पण त्यातील भुकटी राळेने बांधलेली असते व शेगडीवरून उतरवलेला तवा तिला सोसत नाही. पैसे ओट्याच्या नव्हे, विकत घेतलेल्या लादीच्या चौरस फुटांचे पडतात, हे ध्यानात ठेवून बेटासाठी व्यापाऱ्याकडे शिल्लक तुकडा मागावा; रंग जुळला नाही तर त्याला ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणावे. बसण्यासाठी दगड दहा-बारा इंच बाहेर काढायचा असल्यास खाली लोखंडी ब्रॅकेट द्यावेत, कारण पाऊण इंची दगड दाब सोसतो पण वाकणे सोसत नाही, आणि त्याच्या कडेवर एखादा भाचा बसणारच असतो.

जुना कडप्पा फोडून राड्यारोड्यात देण्यापूर्वी मात्र एकदा त्याकडे पाहावे. शेगडीच्या डाव्या हाताला, जेथे पोळपाट रोज त्याच जागी टेकत असे, तेथे तो थोडा गुळगुळीत झालेला असतो. आराखडा, त्रिकोण आणि वर्तमानपत्रे यांतून जे शोधायचे ते त्या जागेवर आधीच लिहिलेले असते. एवढा भाग सरळ कापून, कडा घासून, नव्या ओट्यावर लाटण्यासाठी ठेवून घ्यावा. मिस्त्री त्याचे वेगळे पैसे मागत नाही, मागितल्यास द्यावेत.

अंदाजपत्रकात दगड, मजुरी, मोल्डिंग आणि राडारोडा उचलणे या रकमा सर्वजण धरतात; काम चालू असताना पोळी-भाजी केंद्राला जाणारे पैसे कोणी धरत नाही. मिस्त्रीने सांगितलेल्या चार दिवसांऐवजी आठ दिवसांचे धरावेत. दगड बसल्यावर सिंकभोवतीच्या सिलिकॉनच्या सांध्याला चोवीस तास पाणी लागू देऊ नये. तेवढा वेळ गृहस्थाने चहा बाहेर प्यावा, आणि किल्ल्या खिशातच ठेवाव्यात.