अंगी लावावयाचा धूप

बाजारी गंधांच्या गर्दीत आपले व्यक्तिमत्त्व हरवेल अशी ज्यास धास्ती वाटते (हरविण्याजोगे फारसे काही नसते ही गोष्ट अलाहिदा), तो मनुष्य अखेर झ्युरिकच्या अँडी टाउअर यांच्यासारख्या, रसायनशास्त्र शिकून स्वतःच्या नावाने अत्तरे सिद्ध करणाऱ्या स्वतंत्र कलावंतांच्या पंथास लागतो. आणि त्या पंथातील एका अनामिकाची, ओमानच्या धोफार प्रांतातील धूपाचा अर्क पोटी बाळगणारी चिमुकली कुपी, घरच्या खजिन्यातून परस्पर तसलमात उचलून, मी मागविली. मी जेथून जाईन तेथे निदान एखाद्या मठाधिपतीचे वलय मागे रेंगाळावे, एवढीच माफक अपेक्षा होती, परंतु लिफ्टमधील शेजाऱ्यांनी "सत्यनारायण वाटतं?" अशी पृच्छा करून प्रसादासाठी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

सुगंधाच्या ह्या प्रांतात आमची उपेक्षा जुनीच आहे. कॉम दे गार्सों ह्या जपानी पोशाखगृहाने २००२ साली निरनिराळ्या धर्मपरंपरांच्या स्मरणार्थ पाच धूपगंध काढले, त्यांत आव्हिन्यों, झागोर्स्क, वारझाझात आणि क्योटो यांच्या पंगतीस हिंदूंतर्फे बसविले जैसलमेर! वाळवंटच हवे होते, तर चंद्रभागेचे काय वाईट होते? मी तत्काळ मनातल्या मनात दरखास्त लिहून काढली: आरंभी आषाढसरीने भिजलेली घोंगडी, मध्ये तुळस आणि बुक्का, तळाशी कापूर, आणि ह्या सर्वांवर दर्शनबारीत पुढे उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या चंचीतील तंबाखूचा पुसट शेरा, शिवाय धोफारच्या धूपवृक्षाची चुलतबहीण जी साळई, ती सातपुड्यात डिंक पाझरीत उभी असल्याने, मालाची जकातही वाचावी.

दृष्टी अधू झालेल्या आत्याबाईंनी मात्र माझे मनगट हुंगून विचारले, "कोण बाळंत झालं रे?" ओवा, वावडिंग आणि ऊद निखाऱ्यांवर टाकून कुटुंबातील झाडून साऱ्या तान्ह्यांना, मलासुद्धा, ह्याच बाईंनी डोळे चोळीत धुरी दिलेली, आणि देवाला, बाळाला व प्रेताला सुगंधाची सनद देणाऱ्या आमच्या खानदानाने, त्या धुरात उभ्या असलेल्या बाईस उभ्या जन्मात अत्तराचा एक फाया दिल्याचा दाखला कोठे सापडत नाही. ह्या विचाराने माझा ऋषितुल्य रुबाब पार ओसरला. मी कुपी काढली आणि, थेंबाची किंमत मनात मोजीत, त्यांच्या मनगटास जेमतेम ओल लागेल इतपतच ती टेकविली.

"हात आखडतोस कशाला रे?" आत्याबाई म्हणाल्या, "ऊद काय महाग असतो?"