थाई हॉटेलात दोघांनी कसे जेवावे

साहित्य : घराजवळचे थाई हॉटेल १ (बाणेर, ठाणे, पार्ले, कुठलेही), मित्र १, भूक तिघांची.

कृती :

१. मित्र आधी निवडावा, हॉटेल नंतर. थाई जेवणात सगळे पदार्थ मधोमध ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. त्यामुळे "मी फारसा खाणार नाही" म्हणणाऱ्या मित्राला घरीच ठेवावे. त्याचा वाटा नेमका किती, हे हिशेबात बसत नाही.

२. 'माझी करी, तुझे नूडल्स' अशी वाटणी करू नये. एक करी, एक परतलेला पदार्थ, कच्च्या पपईचे कुटलेले सोम ताम आणि भात, सगळे दोघांचे.

३. रंगाला भुलू नये. हिरवी करी सौम्य दिसते, पण तिचे वाटण हिरव्या मिरच्यांचे. बहुधा तीच तांबडीपेक्षा झणझणीत. मवाळ हवी तर मसामान : दालचिनी, वेलची, बटाटा, शेंगदाणे. मित्र कोल्हापूरचा असल्यास वेटर "किती तिखट?" विचारण्याआधीच त्याला हात धुवायला पाठवावे.

४. मित्र शाकाहारी असल्यास मेनूतल्या हिरव्या ठिपक्यावर थांबू नये. करीच्या वाटणात आंबवलेला जवळा आणि जवळजवळ सगळ्यात फिश सॉस, ही थाई स्वयंपाकाची रीत. दोन्ही नावे घेऊन विचारावे. "अरे, कळतसुद्धा नाही" हे वाक्य वर्ज्य.

५. चॉपस्टिक्स मागून रुबाब करू नये. थाई माणूस त्या मुख्यतः नूडल्ससाठी वापरतो. भात खाताना चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्याने घास चमच्यात लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही.

६. टॉम यम सूपमधले गवती चहाचे दांडे, गलांगलचे काप आणि लिंबाची पाने स्वादापुरती असतात. मित्र ती चावू लागल्यास एकदा चावू द्यावीत. सांगून हे ज्ञान टिकत नाही.

७. तिखट लागल्यास पाणी ढोसू नये. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. भात खावा. दोष द्यायचाच तर पोर्तुगीजांना द्यावा. अमेरिकेतली मिरची सोळाव्या शतकात त्यांच्याच व्यापारातून इकडे आली, गोव्यातही आणि सयामातही. वेटर निर्दोष आहे.

८. शेवटी मँगो स्टिकी राइस : चिकट भात, वर नारळाचे दूध, शेजारी आंबा. बशी एक, चमचे दोन. मित्र "पण हा हापूस नाही" यावर बोलू लागेल. त्याला अडवू नये, मान डोलवत राहावे आणि त्याचे रत्नागिरी-देवगड उरकेपर्यंत आपण आंब्याची बाजू संपवावी.